पोरं मोठी झाली की जहाजावर न्यावीत

आधी तारीख ठरव, जहाज मागाहून. तुझा थोरला अकरावीत, धाकटी आठवीत. कॉलेजची युनिट टेस्ट, क्लासची टेस्ट सिरीज, शाळेची सहामाही आणि जावईबापूंची मार्चअखेर यांतून जे चार दिवस सुटतील तेच आपले. ते बहुधा दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात नाहीतर मे महिन्यात सापडतात. माझं ऐकशील तर मे टाळ. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि मे संपता संपता आटोपतो. पावसाळ्याच्या महिन्यांत कॉर्डेलिया कंपनी आपलं जहाज चेन्नईकडे नेते. मेच्या उत्तरार्धात वारा फिरलेला असतो, समुद्र उचलायला लागतो आणि दुपारी डेकवर पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या किनाऱ्याचे शांत दिवस. ऐन दिवाळीत आणि एकतीस डिसेंबरला भाडं चढलेलं असतं, म्हणून भाऊबीज उरकल्यावर शाळा उघडेपर्यंतचे दिवस आधी चाचपून बघ. पुढच्या वर्षी थोरल्याची बारावी. त्या वर्षात परीक्षेआधी कसलाही बेत आखू नकोस.

आता क्रूझच का, ते सांगते. कारण ते मनाशी पक्कं असलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तुझी मुलं बोरिवलीत वाढली. शाळा, क्लास, रिक्षा, स्टेशन. कुठेही गेली की ‘पोचलो’ असा मेसेज येईपर्यंत तुझा जीव टांगणीला. त्यांचा दोष नाही आणि तुझाही नाही. रस्तेच तसे आहेत. आपल्या उपनगरांत चौदा वर्षांच्या मुलीला ‘जा, हवं तिथे फिर, नऊला जेवायला ये’ असं म्हणायला जागाच उरलेली नाही. जहाजावर ती जागा आहे. गाड्या नाहीत, फाटक नाही, प्रत्येक मजल्यावर माणसं कामावर आहेत, आणि जहाज समुद्रात असेपर्यंत कुणी बाहेरचं आत येत नाही की आतलं बाहेर जात नाही. तिथे मुलांना एकटं फिरू द्यायचं, चुकू द्यायचं, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेऊ द्यायचं. लहान मूल जहाजावर नेलं तर आईबापांची नुसती धावपळ होते. मोठं मूल नेलं तर त्याला मोकळीक मिळते आणि तुम्हा दोघांना बऱ्याच वर्षांनी निवांत चहा. म्हणून मी म्हणते, पोरं मोठी झाल्यावरच न्यावीत.

हे आपल्या घराला नवीन नाही. कोकण बोटी चालू होत्या तेव्हा तुझी आजी मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जायची. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत बोट पणजीला जायची. बायका डेकवर सतरंजी अंथरून बसायच्या आणि मुलं रात्रभर बोटभर हिंडायची. बंदर आलं की पडावातून किनाऱ्याला उतरायचं. त्या प्रवासात मुलं काय शिकायची, तर आपलं सामान आपण सांभाळायचं आणि उतरायच्या वेळी आईजवळ हजर व्हायचं. आजही तेवढंच शिकवायचं आहे.

बुकिंग करण्यापूर्वी एक रविवार काढा आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जाऊन या. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली; तासाभराचा प्रवास, तिकीट आवाक्यातलं. त्या तासात कुणाला बोट लागते आणि कुणाला नाही, याचा अंदाज येतो. मोठं जहाज रो-रोपेक्षा पुष्कळ कमी हलतं, तेव्हा मांडव्याला जो हसत उतरला तो क्रूझवर बहुतेक हसतच राहील. ज्याचं तोंड उतरलं त्याची आधीच तयारी करता येते. बोट लागण्याचं कारण साधं आहे: कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे मात्र समोर स्थिर भिंत बघत असतात. म्हणून केबिनमध्ये पडून मोबाइल बघणाऱ्याला आधी मळमळतं. त्याला उठवायचं, डेकवर न्यायचं, लांब क्षितिजाकडे बघायला लावायचं. ॲव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. मुलांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेव. त्या गोळीने झोप येते, हेही लक्षात असू दे. आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारी पर्समध्ये राहू दे. रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंबही जेवू नये, हे आपल्या आयांनी कोकण बोटीवर शिकलेलं शहाणपण आजही तसंच लागू पडतं.

केबिन निवडताना घाई करू नकोस, सगळ्या सहलीचं सुखदुःख तिथे ठरतं. एजंट तुला सांगेल की चौघांची एकच केबिन घ्या, तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी पडतं. खरं आहे. पण ती चौथी जागा म्हणजे काय ते बघ. खाली दोन पलंग, आणि वरचे दोन बर्थ दिवसा भिंतीत किंवा छतात दुमडलेले असतात. रात्री खोली आवरणारा माणूस येऊन ते खाली ओढतो आणि शिडी लावतो. शिडी लागली की दोन पलंगांमधली चालायची जागा संपली. थोरला सहा फुटांकडे चाललाय. उशीला डोकं लागलं की पाय दुसऱ्या टोकाला टेकणार. न्हाणीघर इतकं अरुंद की शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, आणि दाराशी उंबरा असतो, त्याला अंधारात पायाचं बोट हमखास आपटतं. त्यात चौदा वर्षांची मुलगी, सतरा वर्षांचा भाऊ आणि आईबाप. तिने कपडे कुठे बदलायचे? न्हाणीघरात कोंडून घेऊन, बाहेर तिघं खोळंबलेले. मुलगी बोलणार नाही, पण चिडचिडी होईल, आणि तुम्ही म्हणाल की हिला काही आवडतच नाही.

त्यापेक्षा खिडकी-बाल्कनीचा मोह सोडा आणि आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या दोन केबिन घ्या. समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी. कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं आहे; त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या कमीच असायच्या, त्यामुळे बाल्कनीची केबिन थोडी आणि महाग. मोठी मुलं केबिनमध्ये झोपण्यापुरतीच येतात. समुद्र बघायला अख्खं डेक फुकट आहे. बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान माणूस मागतात, तेव्हा कागदावर एकीत तू आणि मुलगी, दुसरीत जावईबापू आणि मुलगा. जागा मागताना जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची माग. तिथे हलणं सगळ्यात कमी. वरच्या मजल्यावर नाचगाण्याचा हॉल असतो, त्याच्या बरोबर खालची केबिन घेऊ नकोस. आणि केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, लोहचुंबक चिकटतं. लोहचुंबकाचे चार-सहा हुक घेऊन जा, ओले पोहण्याचे कपडे आणि टोप्या टांगायला दुसरी सोय नसते. इस्त्री, किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नकोस, आग लागण्याच्या भीतीने ते काढून घेतात.

पैशांबद्दल. जाहिरातीतला आकडा दोन माणसांच्या केबिनमधला माणशी असतो, आणि त्यात बंदर शुल्क, जीएसटी व सेवकांची बक्षिसी बहुधा धरलेली नसते. सगळं मिळून किती, असा एकच प्रश्न विचार आणि उत्तर लेखी घे. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरताना जमा धरता येतो. पावती जपून ठेवायला जावईबापूंना सांग. जहाजावर साधं जेवण भाड्यात असतं. शीतपेयं, खास रेस्तराँ, फोटो, वाय-फाय, खेळण्याचे अड्डे यांना वेगळे पैसे लागतात, आणि ते सगळं केबिनच्या कार्डावर चढत जातं. रोख हातातून जात नसल्यामुळे मुलांना खर्च कळत नाही. म्हणून दोघांना आधीच रक्कम ठरवून दे आणि हिशोब थोरल्याकडे सोपव. रोज रात्री स्वागतकक्षावर जाऊन केबिनचं बिल बघून येणं हे त्याचं काम. अकरावी कॉमर्सचा मुलगा आहे, पुस्तकातला जमाखर्च तरी हाताखालून जाईल.

धाकटीलाही काम हवंच. तिला जहाजाचा नकाशा आणि रोजचा कार्यक्रम वाचून सांगायचं काम दे. मोठ्या मुलांना तयार बेत दिला की ती मागून फरफटत येतात. बेत आखायला बसवलंत की स्वतः पुढे होतात. कुठे जायचं, यातही त्यांचं मत घ्या. पण पहिल्यांदा मुंबई–गोवा अशी दोन-तीन रात्रींचीच घ्या. कुठेच न थांबता समुद्रात फिरून परत आणणारीही एक सहल असते. मोठ्या मुलांना ती कंटाळवाणी होते, बुकिंगच्या वेळी नीट बघून घे. लक्षद्वीप सुंदर आहे, पण तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटीतून नेतात, आणि समुद्र उचललेला असला तर उतरणंच रद्द होतं. मुलांना हे आधी सांगितलेलं असेल तर हिरमोड कमी होतो. सिंगापूरची मोठी जहाजं, घसरगुंड्या आणि कुमारवयीनांसाठी वेगळे क्लब असलेली, ती दुसऱ्या खेपेला. तिथे जाताना सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते पाहायचं, कारण जहाज बाहेर पडून परत सिंगापूरलाच येतं.

निघायच्या दिवशी बॅलार्ड पिअरला दिलेल्या वेळेच्या आधी पोचा. बोरिवलीहून जलद लोकलने चर्चगेट आणि पुढे टॅक्सी, हाच भरवशाचा रस्ता. दुपारी उलट दिशेला गर्दी नसते. अंधेरीची माणसं मरोळहून भुयारी मेट्रोने थेट सीएसएमटीला उतरू शकतात, ऑक्टोबर 2025 पासून ती कफ परेडपर्यंत धावते. तुझ्या नणंदेचं कुटुंब मुलुंडहून येणार असेल तर त्यांनी गाडीने पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे धरावा, तो पी. डि’मेलो रोडवर आणून सोडतो. मोठ्या बॅगा धक्क्यावरच चिठ्ठी लावून घेतात आणि केबिनमध्ये काही तासांनी पोचतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलीचे पॅड्स खांद्यावरच्या पिशवीत. पॅड्स भरपूर घे. वेळापत्रक प्रवासात बिघडतं आणि जहाजावरच्या दुकानात हवं ते मिळेलच असं नाही. शिजवलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढवू देत नाहीत. बंद पाकिटातली चकली-चिवडा चालतो का, ते आधी विचार.

जहाजावर पहिलं काम सुरक्षेच्या सरावाला जाण्याचं. मुलं टाळाटाळ करतील, ऐकू नकोस. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचं, हे दोघांना पाठ हवं, कारण त्या वेळी ती कदाचित तुझ्याजवळ नसतील. तू त्यांना शोधायला जायचं नाही आणि त्यांनी तुला. सगळ्यांनी जमायच्या जागी यायचं. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घ्यायचा असा नियम झाला. आपल्या माणसांना तर हे वेगळं सांगायला नको. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-परळपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण काढतात. समुद्राची भीती घालू नकोस, पण आदर शिकव. कठड्यावर बसून रील काढायची नाही, ही एक गोष्ट निक्षून सांग.

मोकळीक द्यायची तर चौकट आधी आखायची, आणि ती घरी बसून, बोरिवलीत. माझ्या मते एवढं पुरे: रात्रीचं जेवण चौघांनी एकत्र, त्यात सूट नाही. बाकी दिवस त्यांचा. रात्री धाकटीने साडेदहाला आणि थोरल्याने बाराला केबिनमध्ये. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही आणि कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही, मग ती कितीही छान ओळख झालेली असो. एकमेकांना सोडून जाताना केबिनच्या दारामागे चिठ्ठी लावायची. कॅसिनो आणि बार मोठ्यांसाठी असतात. तिथे काय चालतं हे मुलांपासून लपवू नकोस, जावईबापूंनी थोरल्याशी सरळ बोलावं. दारू नको म्हणताना कायद्याचं निमित्त पुढे करण्यापेक्षा ‘आम्हाला तुझी काळजी वाटते’ हे सांगितलेलं या वयातल्या मुलांना जास्त पटतं.

फोन. किनारा सुटला की काही वेळाने नेटवर्क जातं आणि त्याच्या जागी जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क दिसू लागतं. ते उपग्रहावरून चालतं आणि फार महाग असतं. चौघांनी फोन विमान मोडवर टाकायचे, धक्का सोडतानाच. मुलं कुरकुरतील, दुसऱ्या दिवसापासून विसरतील. पण नकाशा घरूनच उतरवून घ्यायला सांग, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उघड्या डेकवर आपण कुठे आहोत ते बरोबर कळतं. मुंबई बंदरातून बाहेर पडताना कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह दिसतं. दक्षिणेला लागलात की डाव्या हाताला अलिबागच्या बाजूला खांदेरी आणि उंदेरी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावं जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली आहेत, आणि या किल्ल्यांसमोरून तुमचं जहाज रात्रभर जाणार आहे. अंधारात किल्ला दिसणार नाही, पण किनाऱ्यावरचे दिवे आणि नकाशावरचा निळा ठिपका जुळवत बसायला थोरल्याला आवडेल. गोव्याकडे जाताना सूर्यास्त उजव्या बाजूला, येताना डाव्या. संध्याकाळी त्या बाजूच्या डेकवर आधीच जागा धरा.

जहाज गोव्यात मुरगावला लागतं, पणजीला नाही. हातात थोडे तास असतात. कळंगुट गाठायच्या नादात दिवस टॅक्सीत जाईल. जवळ बोगमाळ्याचा किनारा आहे आणि तिथेच नौदलाचं विमान संग्रहालय, सोमवारी बंद असतं. सी हॅरियरसारखी विमानं हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात, या वयाच्या मुलांना तेच जास्त आवडतं. परत चढायची वेळ मुलांच्या घड्याळात लावून घे. जहाज कुणासाठी थांबत नाही.

परतताना धक्क्यावर सकाळ होते. लोकलची धास्ती घेऊ नकोस. त्या वेळी गर्दी चर्चगेटकडे येणाऱ्या गाड्यांना असते, बोरिवलीकडे जाणाऱ्या गाडीत बॅगा ठेवून बसता येतं. आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगितलं तर सकाळचे कपडे आणि चपला आत ठेवल्यात ना, ते बघ.

आणि हे काम आज संध्याकाळीच कर: दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढ. देशातल्या क्रूझला सरकारी ओळखपत्र चालतं, पण सिंगापूर मनात असेल तर पासपोर्टची किमान सहा महिने मुदत उरलेली हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच असतो. थोरल्याचा आता संपत आला असणार. पंधरा पूर्ण झालेल्याला दहा वर्षांचा मागता येतो. नूतनीकरणाला दोघा पालकांची संमती लागते आणि मालाड किंवा अंधेरीच्या केंद्रावरची वेळ सुट्टीच्या तोंडावर लवकर मिळत नाही, तेव्हा अर्ज या आठवड्यात भरून टाक.